सिंहगडाची लांबची वाट

शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण भूगोलाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे येतो, आणि ज्वालामुखीचा धडा निघाला की एक तरी मूल हमखास विचारते, "टीचर, सिंहगड पण ज्वालामुखी आहे का? तो परत फुटेल का?" खडकवासल्याच्या परिसरातल्या मुलांना हा प्रश्न पडणारच. वर्गाच्या खिडकीतून गड दिसतो, त्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो, आणि पुस्तकातल्या चित्रातला डोंगरही साधारण तसाच असतो.

मी त्यांना सांगते की सिंहगडाला तोंड नाही, तो फुटायचा नाही. पण त्याचा एकूण एक दगड लाव्हाचाच आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा, मग तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या काळ्या दगडाखाली आहे. पुढे पावसाने आणि नद्यांनी तो थर कापत नेला, आणि जे कापायचे राहिले त्याला आपण सह्याद्री म्हणतो. शास्त्रज्ञ या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून तो आला आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून सपाट होतो, आणि लांबून पाहिले तर डोंगर जिन्यासारखा दिसतो.

हे सगळे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलेले होते. तरीही अब्बांना घेऊन गेले तेव्हा मला हा जिना आठवला नाही.

अब्बा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आयुष्य खडकवासल्याच्या कालव्यावर पाणी मोजण्यात गेले. रविवारी मात्र ते आणि त्यांचे दोन-तीन सहकारी पहाटेच्या बसने पायथ्याला जायचे, आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढायचे, वर मडक्यातले दही खायचे आणि जोहरच्या आत घरी परतायचे. त्यांची एक वही आहे. तारीख, निघालो किती वाजता, पोहोचलो किती वाजता, एवढेच तिच्यात लिहिलेले. १९८४ च्या एका पानावर '५५ मिनिटे' असे लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. लहानपणी मला वाटायचे, ही हिशेबाची वही असेल.

दोन वर्षांपूर्वी अब्बांची अँजिओप्लास्टी झाली. अल्लाहच्या कृपेने सगळे नीट पार पडले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. वर्षभर ते चौपाटीपर्यंत, म्हणजे धरणाच्या काठी जिथे कणसे आणि भजी विकतात तिथवर, रोज चालत गेले आणि आले. मग एका नोव्हेंबरात म्हणाले, "बेटा, एकदा गडावर जाऊन येऊ. मग पुन्हा नाही म्हणणार."

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सावकाश जाणार असाल तर हरकत नाही. मी विचार केला, सर्वांत जवळची वाट धरू. घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटर, आतकरवाडीची वाट तीन किलोमीटरसुद्धा नाही. कमी चालायचे म्हणजे कमी त्रास. बीएड झालेल्या बाईची ही अक्कल!

रविवार होता. वाटेवर कॉलेजची मुले, पळत चढणारे, खांद्यावर लेकरू घेतलेले वडील, सगळे आम्हाला ओलांडून पुढे जात होते. अब्बांना ते सहन होईना. मागून कोणी आले की ते पावले उचलायचे. पहिला टप्पा बरा गेला. मग उभे खडक लागले. तिथे पायरी गुडघ्याएवढी, हात टेकल्याशिवाय पाऊल उचलत नाही. तिसऱ्या वळणावर मी मागे पाहिले तर अब्बा उभे होते आणि त्यांचा एक हात छातीवर होता. चेहऱ्याचा रंग आजही डोळ्यांसमोर आहे. एका ताकवाल्या मावशींनी धावत येऊन त्यांना आपल्या घोंगडीवर बसवले, शर्टाचे बटण काढले, पदराने वारा घातला. मला म्हणाल्या, "रडू नको गं. आधी पाणी दे त्यांना." मी रडत होते हे मला तेव्हा कळले.

अर्ध्या तासाने दम बसला. दोन अनोळखी मुलांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खाली उतरवले. दवाखान्यात तपासणी झाली, नवीन काही निघाले नाही. पण माझ्या भावाने फोनवर जे सुनावले ते मी इथे लिहीत नाही. त्याचे बरोबरच होते. अब्बांनी ती वही कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. गच्चीत त्यांची खुर्ची गडाकडे तोंड करून असायची, ती त्यांनी फिरवली.

पुढे कधीतरी मी तो हिशेब कागदावर मांडला. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची साधारण ६०० मीटर. पावणेतीन किलोमीटरमध्ये ती चढायची म्हणजे प्रत्येक शंभर मीटर चालीला बावीस मीटर वर. तीच उंची घाटरस्त्याने साडेआठ किलोमीटरमध्ये चढायची म्हणजे शंभराला सात. उंची तीच राहते. जवळची वाट ती उंची तुमच्याकडून एकदम वसूल करते, लांबची हप्त्याने घेते. ज्या माणसाने आयुष्यभर कालव्याचा डोळ्यांना न दिसणारा उतार सांभाळला, त्याला हे मी विचारले असते तर त्यांनी तोंडी सांगितले असते. मी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. त्यांना तीच वाट हवी होती.

याच सुमारास आमच्या नात्यातल्या एका मुलाचा फोन आला. तो नोकरीसाठी टांझानियात, दारेसलामला आहे. तिकडचा किलीमांजारो हा खराखुरा ज्वालामुखी, ५,८९५ मीटर उंच, आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर. त्यावर जायला बऱ्याच वाटा आहेत. मारंगूची वाट पाच-सहा दिवसांत होते, लेमोशोची सात-आठ दिवस घेते. या पठ्ठ्याने सुट्टी आणि पैसे वाचवायला पाच दिवसांचा बेत केला आणि शेवटच्या मुक्कामावर डोके फुटेल असे दुखून, उलट्या होऊन परत आला. दुसऱ्या वर्षी आठ दिवसांच्या वाटेने गेला आणि माथ्यावर पोहोचला. तो सांगत होता की तिथल्या माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून लांबच्या वाटेने जाणारे जास्त संख्येने माथा गाठतात आणि घाई करणारे जास्त परततात. वाटाडे दिवसभर एकच घोष करतात, "पोले पोले." स्वाहिलीत त्याचा अर्थ हळूहळू.

फोन स्पीकरवर होता. अब्बा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "काय म्हणाला तो? पोले पोले?"

आता आमच्या सिंहगडावर विरळ हवेचा प्रश्न नाही. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, एवढ्याने कोणाचे डोके दुखत नाही. इथे प्रश्न गुडघ्यांचा, छातीचा आणि स्वाभिमानाचा आहे. पण वाट निवडताना आपण फक्त किलोमीटर बघतो, ही चूक दोन्हीकडे सारखीच.

डिसेंबरात दुसरेच प्रकरण उभे राहिले. आमची थोरली कॉलेजला आहे. तिने जाहीर केले की तिला 'कात्रज ते सिंहगड' करायचे आहे. पुण्याच्या मुलांमध्ये ही वाट प्रसिद्ध आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी रात्री सुरुवात करायची, चांदण्यात डोंगररांगेवरून एकामागून एक तेरा टेकड्या चढायच्या-उतरायच्या आणि पहाटे सिंहगडाच्या घाटरस्त्याला येऊन मिळायचे. पंधराएक किलोमीटर. पाणी आपलेच न्यायचे, कारण वाटेत मिळत नाही. पायाखाली सुटा मुरूम आणि वाळलेले गवत, आणि चढण्यापेक्षा उतरतानाच पाय जास्त घसरतो.

मी नाही म्हटले. ती म्हणाली, "भावाने विचारलं असतं तर अम्मी, तू त्याला टॉर्च घेऊन दिली असतीस." मी गप्प बसले, कारण ते खरे होते. तिच्या अब्बूंनी हात वर केले, "तुम्ही दोघी ठरवा." घरात दोन दिवस अबोला. वाचक भगिनींना असले दोन दिवस कसे असतात हे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी जेवताना अब्बा म्हणाले, "मुलीला लांबचा रस्ता दे. आणि मलाही दे. तिकडून ती येईल, इकडून मी जातो. घाटात भेटू."

मग मी माझ्या पद्धतीने चौकशी केली. गट कोणाचा, सोबत मोठ्या बायका किती, त्यांनी ही वाट आधी किती वेळा केली आहे, कोणाचा पाय मुरगळला तर खाली उतरायला मधे कुठे वाट आहे. गटाच्या ताईंना मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच या ना." मुलीला पायाला बसलेले जुने बूट, तीन लिटर पाणी, खजूर, टॉर्च आणि जादा सेल दिले. अब्बांच्या डॉक्टरांना पुन्हा भेटलो. त्यांनी नियम घालून दिला, चालताना सलग बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले की बसायचे. गोळी खिशात. हा नियम सोपा आहे. आता शाळेच्या सहलीत मी तो मुलांनाही लावते.

पौर्णिमेच्या आसपासचा शुक्रवार ठरला. शनिवारची माझी सकाळची शाळा, रजा टाकली. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून तो टाळला. रात्री मुलगी गेली. मी झोपले असे म्हणणार नाही. डोंगरावर फोन लागेल न लागेल हे आधीच सांगितलेले होते, तरी मी बारा वाजता लावून पाहिला. लागला नाही.

फज्रची नमाज घरी पढून आम्ही निघालो. धरणाशेजारून जाताना अजून अंधार होता आणि पाण्यावर धुके. अब्बा इथून जाताना नेहमी एकदा १९६१ ची आठवण काढतात. तेव्हा ते नऊ वर्षांचे, घर पुण्यात नदीच्या जवळ. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्यावर आले आणि १८७९ मध्ये पूर्ण झालेले हे जुने दगडी धरणही फुटले. निम्मे पुणे पाण्यात गेले. "दगड फुटत नाही, असं आम्हाला वाटायचं," एवढेच ते म्हणतात आणि पुढे बघतात. पुढे त्याच खात्यात नोकरी का धरली, हे मी कधी विचारले नाही.

गोळेवाडीच्या नाक्यावर मुलीच्या अब्बूंनी आम्हाला सोडले आणि ते गाडी घेऊन मागे थांबले. आम्ही डांबरी रस्त्याने, उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालू लागलो. ही वाट कोणी ट्रेक म्हणणार नाही. सायकलवाले, पळणारे दोघे-चौघे आणि आम्ही. पण वळणावळणाने चढताना जे दिसते ते पायवाटेवर दिसत नाही. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, त्यामुळे त्याचे पोट उघडे पडले आहे. खाली घट्ट काळा पाषाण, त्यावर भोकाभोकांचा, खारकेच्या बियांएवढे पांढरे खडे भरलेला मऊ दगड, कुठे मधे विटेच्या रंगाचा लाल पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून जी माती झाली, ती पुढच्या लाव्हाखाली दबली आणि भाजली. अब्बा मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण ही नावे सांगत होते, मी पुस्तकातली. बोलणे तुटत नव्हते म्हणजे चाल बरोबर होती.

एका कठड्यावर बसलो असताना अब्बांनी दगडावर हात ठेवून मदीना शरीफचा विषय काढला. हजला गेले तेव्हा त्यांनी शहराबाहेर असेच काळे दगड पाहिले होते. मदीनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशा दगडांचे पट्टे आहेत, अरबीत त्यांना 'हर्रा' म्हणतात. तेही लाव्हाचेच. आणि तो तर अगदी अलीकडचा. हिजरी ६५४ मध्ये, म्हणजे इ.स. १२५६ ला, मदीनेच्या आग्नेयेला जमीन फुटून लाव्हा निघाला. तो कित्येक आठवडे वाहत राहिला, वीस किलोमीटरहून लांब गेला. त्या काळच्या लोकांनी ते लिहून ठेवले आहे. शहर वाचले. अब्बा म्हणाले, "तिथं उभा होतो आणि मला सिंहगड आठवला. मग लाज वाटली, इथं येऊन गडाची आठवण कसली काढतोस म्हणून." मी म्हटले, दगड एकाच जातीचा होता, आठवण येणारच.

या गडाला जवळची वाट निवडणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे तानाजी मालुसरे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री त्यांनी दरवाजे सोडून सरळ कडा धरला, कारण तिथून कोणी येईल असे वर कोणाला वाटले नसते. मुले घोरपडीबद्दल विचारतातच. इतिहासकार ती गोष्ट धरत नाहीत. आणि लांबच्या वाटेचे म्हणाल, तर महंमद तुघलकाला हाच किल्ला, तेव्हाचा कोंढाणा, नाग नायकाकडून घ्यायला आठ महिने वेढा घालून बसावे लागले होते. ते साल १३२८. कड्यावरचा हा कठीण थर दोन्ही वेळी तिथेच होता.

कोंढणपूर फाट्याच्या जवळ आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मुलगी साताला पोहोचणार होती. तिचा पत्ता नाही. फोन लागत नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून समोरच्या डोंगररांगेकडे बघत होते आणि प्रत्येक झुडूप मला माणूस वाटत होते. अब्बांनी चहा मागवला. म्हणाले, "पोले पोले. मी उशिरा आलो, तीही उशिरा येईल. लांबच्या वाटेचं असंच असतं." मी त्यांच्यावर चिडले. आयुष्यात प्रथमच असेल. ते काही बोलले नाहीत, बशीतला चहा माझ्याकडे सरकवला.

साडेनवाला वरच्या उतारावरून रंगीबेरंगी ठिपके खाली येताना दिसले. एकेक करत मुले रस्त्यावर उतरली, मातीने माखलेली, पँटी मागून फाटलेल्या. आमची शेवटून तिसरी. एका बुटाचा तळ सुटला होता आणि तो तिने आपल्या ओढणीने बांधला होता. बूट मीच जुने दिले होते. गटातल्या एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून सगळे तिच्या चालीने आले, असे कळले.

"नाना, तुम्ही चालत आलात?" तिने पहिला प्रश्न केला. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"किती टेकड्या झाल्या?" अब्बांनी विचारले.

"तेरा म्हणतात. मी आठनंतर मोजल्या नाहीत."

"मी अकरा वेळा बसलो. सगळ्या मोजल्या."

तिथून वर अजून बराच रस्ता होता. अब्बांनी स्वतःच सांगितले, आता गाडीने. मला वाटले होते ते हट्ट धरतील. मुलीचे अब्बू गाडी घेऊन आले, आम्ही वर गेलो. पुणे दरवाज्याच्या पायऱ्या मात्र अब्बा नातीच्या खांद्यावर हात ठेवून चढले. कोणाचा आधार कोणाला, हे सांगणे कठीण होते. ती लंगडत होती. देवटाक्याचे गार पाणी प्यालो. पिठले-भाकरी, कांदाभजी, मडक्यातले दही. दह्यावर साखर जास्त घातली म्हणून मी अब्बांना बोलले, त्यांनी ऐकले नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर अब्बांनी वरच्या फळीवरून वही काढायला सांगितली. तारीख लिहिली. निघालो ६.४०. पोहोचलो, या रकान्यात थोडा विचार करून लिहिले, 'फाटा ९.१०'. खाली रेघ ओढली नाही. मग चष्मा काढून नातीला विचारले, "कल्याण गावाकडून, कल्याण दरवाज्याने वर जाते ती वाट किती लांब आहे गं? जरा बघून सांग. उतार किती आहे, ते पण बघ."